दारातली हजेरी

कोणी बघत नाय ना, हे बघून श्रुतिकाने पिशवीतून आईच्या चपला काढल्या आणि केंद्राच्या दारात, तेजलच्या आईच्या चपलांना लागून ठेवल्या. मग पायाने जरा वाकड्या केल्या. घाईत आलेली बाई चपला काय सरळ काढते?

स्वतःच्या स्लिपर तिने लांब भिंतीपाशी उडवल्या आणि आत गेली.

केंद्र म्हणजे विक्रोळीच्या चाळीत विहाराला लागून असलेली एक खोली. महिन्यातून एका रविवारी चारला पालकांची मीटिंग. केंद्र नंदाताई चालवते. आधी ती नावं पुकारून हजेरी घ्यायची. पण बायका मागे पाण्याच्या पिंपापाशी बसायच्या, नाव घेतलं की एकमेकींना ढोसून हसायच्या, हात काय वर व्हायचा नाय. म्हणून आता ती मीटिंग चालू करून देते, वही घेऊन दारात जाते आणि चपला बघून टिक मारते, नाय दिसल्या तर रेघ. वीस वर्षं याच चाळीत राहते ती. चप्पल कोणाची ते तिला विचारावं लागत नाय.

श्रुतिकाच्या आईची तर कोणीही ओळखेल. निळा पट्टा, डाव्या पायाचा तुटलेला, स्टेशनबाहेर पांढऱ्या दोऱ्याने शिवून घेतलेला. ड्युटीला ती सॅण्डल घालून जाते. चपला घरीच असतात.

तीनदा पालक आले नाय की नाव कट. श्रुतिकाचं दोनदा झालेलं. नववीत शाळा सुटली, आता सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसायचं होतं. त्याचा क्लास केंद्रात फुकट. जागा पंधरा, वेटिंगला सहा जण. आज रेघ पडली की संपलं.

दुपारी आईचा फोन आलेला. आई, रत्नप्रभा, पवईला एका घरी आजोबांना सांभाळते, चोवीस तासांची ड्युटी, महिन्यातून एक रविवार सुट्टी. तो रविवार आजचाच. पण बदलीची बाई आलीच नाय.

“आजोबांना एकटं कसं ठेवू गं?” आई म्हणाली.

“मला ठेवते ना.”

फोनमध्ये नुसता आजोबांचा खोकला ऐकू येत राहिला. मग आई म्हणाली, पगार झाला की तुला सॅण्डल आणते, चार नंबरच ना? श्रुतिका हो म्हणाली आणि फोन कट केला.

आत नंदाताई मोबाईलवर बोलत होती, म्हणजे पोरांच्या मोबाईलच्या नादावर. सगळे आईबाप माना हलवत होते. त्यातल्या तिघांच्या हातात मोबाईलच होता.

“तुझी आई कुठंय?” बाजूला बसलेल्या तेजलने हळूच विचारलं.

“मागे.”

तेजलने मागे वळून बघितलं. “मागे कुठे?”

“पुढे बघ, नायतर एक देईन.”

नंदाताई वही घेऊन उठली. दारात गेली. श्रुतिका भिंतीवरच्या पाढ्यांच्या तक्त्याकडे बघत बसली. सतराचा पाढा तिने पूर्ण वाचला, मग खालून वर वाचला. नंदाताई परत आली तेव्हा तिच्या तोंडावरून काय कळत नव्हतं. चपलांच्या हिशोबाने तिने दोन बोटं वर करून आणखी दोन चहा सांगितले, तेवढंच.

चहा फिरला. ट्रेमध्ये एक कप उरला.

“हा कोणाचा राहिला?” तेजलच्या बाबांनी विचारलं. मग त्यांनीच उचलला. श्रुतिका त्यांच्याकडे बघत राहिली. तीन घोटांत संपवला त्यांनी.

चपला ठेवायच्या कशा हे तिने फोननंतर दुपारभर ठरवलेलं. उचलायच्या कशा हे ठरवलंच नव्हतं. सगळ्यांसमोर पिशवीत कशा भरणार? मग ती चटया गुंडाळत बसली. एरवी सांगून पण हात लावत नाय. एक एक घर उठून बाहेर जात होतं, दारात चपला शोधत होतं. कोणाची आई कोणाच्या खांद्याला धरून पट्टा लावत होती. तेजलचा बाप दारातूनच ओरडला, चल गं, भूक लागलीय. तेजल पळाली.

शेवटची चटई कोपऱ्यात टाकून ती बाहेर आली. नंदाताई पायरीवर बसलेली, कुलूप मांडीवर. दारात आईच्या चपला. भिंतीपाशी काहीच नाय. श्रुतिकाच्या स्लिपर कोणीतरी चुकून घालून गेलेलं.

“तुझी आई पवईला अनवाणीच गेली वाटतं,” नंदाताई म्हणाली.

श्रुतिकाचं डोकं फिरलं. मारा ना मग रेघ, म्हणाली ती. इथे कोणाला पडलीय दहावीची? सहा जण लायनीत उभे आहेत ना, घ्या त्यांना.

नंदाताईने वही उघडून तिच्यापुढे धरली. रत्नप्रभाच्या नावासमोर टिक नव्हती, रेघ पण नव्हती. नुसता एक ठिपका. पेन टेकवून उचललेलं.

“पुढच्या रविवारपर्यंत असंच ठेवते,” ती म्हणाली. “पण तेव्हा चपलांत पाय पण घेऊन ये.”

पुढचा रविवार आईच्या सुट्टीचा नव्हता. 

नंदाताईने कुलूप लावलं, दोनदा ओढून बघितलं आणि मागे न बघता गल्लीत वळली.

श्रुतिका थोडा वेळ अनवाणीच उभी राहिली. मग तिने आईच्या चपलेत पाय घातला. मोठी होईल असं वाटलेलं. घालून घालून आईच्या अंगठ्याने आत खड्डा पाडलेला.

तिचा अंगठा बरोबर त्यात जाऊन बसला.