आत ये म्हटल्याशिवाय

बेल वाजवून मी पायपुसण्यावर उभा राहिलो. घटस्फोटाआधी हे घर माझंही होतं. आता रविवारी लेकीला दोन तास फिरायला न्यायचं, एवढंच.

तेरा वर्षांची शर्वी व्हॅम्पायरच्या कादंबऱ्यांनी झपाटलेली. तिच्याशी बोलायला काहीतरी हवं, म्हणून खोलीवर एकट्याने डबा खाताखाता मी त्या मालिकेचे सहाही भाग संपवले. वय वर्षं सत्तेचाळीस!

तिने दार उघडताच मी म्हटलं, "शेवटी तो तिला सोडून जातो, हे काही पटलं नाही मला."

"बाबा, मी ते वाचणं केव्हाच सोडलं. आता कुणीच नाही वाचत." ती चपला घ्यायला वळली आणि थांबली. "बाहेर का उभा आहेस?"

"आत ये म्हटल्याशिवाय व्हॅम्पायरला घरात पाऊल टाकता येत नाही ना?"

ती खुदकन हसली. "खरंच वाचलंस तू?"

ती पुढे काही बोलणार, तेवढ्यात आतून तिची आई ओरडली, "शर्वी, दार लाव! मांजर बाहेर जाईल."

"आलेच हं, बाबा." दार लागलं.

मांजर मीच आणलं होतं.