पाण्याला हात

धनेशचा हात पाण्याकडे गेला रे गेला, की त्याची बहीण हर्षला आपली शिडाची होडी त्याच क्षणी वळवायची आणि त्याचा वारा अडवायची. चौपाटीसमोरच्या अंतिम शर्यतीत या दोनच होड्या होत्या. कठड्यावर अख्खं शहर ओरडत होतं.

होडी वळवण्याआधी पाण्याला हात लावून कपाळाला लावायचा, ही त्यांच्या नाखवा बापाची शिकवण. तो गेल्यापासून बहीण-भाऊ बोलत नव्हते. आपला डाव धनेशला कळू नये म्हणून हर्षलानं मात्र आज पाण्याला हात लावलाच नाही.

ती जिंकली. टाळ्या-शिट्ट्यांच्या गदारोळात धनेशची होडी शेजारी आली.

"तू माझा हात बघतेस, हे पहिल्याच वळणाला कळलं होतं गो मला," तो म्हणाला. "पण हात न लावता वळवायला मन धजेना."

"दादूस," ती म्हणाली, तोवर तो लांब गेला होता.

किनारा अजून तिच्याच नावानं ओरडत होता. हर्षलानं हात पाण्यात बुडवून कपाळाला लावला. आता वळायचं कुठंच नव्हतं.