बेबी रोझी, वय वर्षे सात

"चाची, ही हंसा हत्तीण आणि तिच्या पायाखाली निजलेल्या तुम्ही. बरोबर ना?"

आरतीने पोस्टर कॉटवर पसरलं. जुन्या सर्कशींच्या जाहिराती गोळा करायचं तिला वेड होतं आणि शेवगावच्या या दोन खोल्यांच्या घरात ती तिसऱ्यांदा आली होती. कागद पिवळा पडलेला. पुढचा पाय उचलून उभी असलेली हत्तीण, त्या पायाखाली हसणारी मुलगी आणि वर ठळक अक्षरं: 'बेबी रोझी, वय वर्षे सात. छातीवर हत्तीचा पाय! रोज तीन खेळ.'

शरिफाने पोस्टरकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली.

"रोझी मीच. समद्या सर्कशीला ठावं हाय."

"मग आनंदाची बातमी ऐका. मी हे पोस्टर मोबाईलवर टाकलं होतं. पाथर्डीकडच्या एका मुलीने ते ओळखलं. त्यांच्या घरात पन्नास वर्षं हेच पोस्टर भिंतीला लावलेलं आहे."

शरिफाने पोस्टर उलटं करून ठेवलं.

"तिचे आजोबा, रामहरीबाबा. बाहत्तरच्या दुष्काळात त्यांनी पोटची पोर सर्कशीत ठेवली, तिथे दोन घास तरी मिळतील म्हणून. पुढच्या वर्षी न्यायला गेले तर सर्कस मुक्काम हलवून गेलेली. भिंतीवरचं लेकीचं पोस्टर तेवढं सोलून आणलं. चाची, ते तुमचे वडील! जीपने निघालेत, येतीलच आता."

शरिफाच्या नवऱ्याच्या, रशीदच्या हातातली बशी कलंडली, चहा सदऱ्यावर सांडला. त्याने सर्कशीत उभा जन्म हत्ती सांभाळण्यात घालवला होता. खेळांत हत्ती बंद झाले आणि हंसाला सरकारी गाडीतून नेलं, त्या दिवशीसुद्धा त्याच्या हातून काही सांडलं नव्हतं.

आरती जीप बघायला रस्त्यावर गेली.

"मागच्या दारानं जा," रशीद कुजबुजला. "शेजारच्या नाझनीनकडं जाऊन बस. मी सांगतो, घरी न्हाई म्हनून."

"पन्नास वर्सं वाट बघतुया त्यो म्हातारा."

"म्हनूनच म्हनतो. त्यो काय काय इचारंल. तू काय सांगशील?"

शरिफा उठली, मागच्या दारापर्यंत गेली आणि तिथेच थांबली. म्हाताऱ्याने हाकलून दिलं असतं, शिव्या घातल्या असत्या, तर तिने सोसलं असतं. त्याच्या मायेला तोंड कसं द्यायचं, हे तिला कळत नव्हतं.

बाहेर जीप थांबली.

आरतीच्या हाताला धरून रामहरी आत आला. दोन्ही डोळे गेलेले. चाचपडत त्याने शरिफाच्या डोक्यावर हात ठेवला, मग गालांवरून फिरवला.

"गोजरे?"

रशीद भिंतीला चिकटून उभा होता.

"बोल की बाय. तुला तंबूत सोडली तवा तू लई वरडत हुतीस. म्या मागं वळून बघितलं न्हाई. वळलो असतो तर सोडून जाताच आलं नसतं. पोटभर जेवायला तरी मिळालं का गं?"

"मिळालं."

"मारलं न्हाई ना कुनी?"

"न्हाई."

"माज्यावर राग हाय?"

शरिफाने रशीदकडे पाहिलं. त्याने डोळे गच्च मिटून घेतले होते. तिने म्हाताऱ्याचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला.

"न्हाई. राग कशाचा?"

रामहरी लहान पोरासारखा रडू लागला. आरतीलाही आवरेना.

गोजर हंसाच्या पायाखाली चिरडली, त्या दुपारी गावभर रोझीची पोस्टरं लागलेली होती आणि मालकाला खेळ बंद ठेवायचा नव्हता. संध्याकाळी मिसरूडही न फुटलेल्या रशीदने गोजरचा झगा तिच्याच वयाच्या शरिफाच्या अंगात चढवला, तेव्हा तो नुकताच धुतलेला आणि अजून ओला होता.