तळघरातला फॉल्ट

ब्रेकर पुन्हा पडला होता. सलग पाचव्या रविवारी. अनिश जेवून बेसमेंटमध्ये उतरला, तर कंट्रोल बॉक्सवरचा लाल दिवा विझलेला आणि हंड्यातलं माल्टचं पाणी कोमट. आणखी एक बॅच वाया. पण या वेळी तो वैतागला नाही. त्याने शेल्फवर रंगाच्या डब्यांमागे लपवलेला जुना फोन उचलला. जेवायला वर जाताना त्याने त्याचं रेकॉर्डिंग चालू करून ठेवलं होतं.

घरी बिअर बनवायचा हा सगळा सेटअप त्याने स्वतः उभा केला होता. पन्नास लिटरचा स्टीलचा हंडा, आत पाणी तापवायची कॉइल, पंप, करंट गळला की आपोआप पडणारा ब्रेकर. कॅल्गरीत तेल कंपन्यांसाठी कंट्रोल पॅनल डिझाइन करणाऱ्या माणसाला त्यात काय अवघड? आणि याच माणसाला स्वतःच्या घरातला एवढासा फॉल्ट पाच आठवडे सापडत नव्हता. कॉइल तपासून झाली, पंप तपासून झाला. मीटर म्हणायचा, सगळं ठीक. शिवाय तो समोर असताना ब्रेकर कधीच पडत नसे. तो जेवायला वर गेला की पडायचा.

म्हणजे फॉल्ट वायरिंगमध्ये नव्हताच. तो वरच्या खोलीत राहत होता, एकाहत्तर वर्षांचा होता आणि त्याचं नाव मिलिंद होतं.

मिलिंद म्हणजे अनिशचे बाबा. साताऱ्याकडे वीज मंडळात पस्तीस वर्षं वायरमन. बायको गेल्यावर ऑक्टोबरमध्ये मुलाकडे आले आणि महिन्याच्या आत मुलाची पहिली बॅच, पुरी वीस लिटर, सिंकमध्ये ओतून मोकळे झाले. वायरमनची अक्कल खांबावर ठेवून यायची, माझ्या घरात नाही, असं अनिश तेव्हा त्यांना तोंडावर बोलला. तेव्हापासून अबोला. दोघं एकाच टेबलावर जेवत आणि मीठ हवं असलं तरी ईशिताला सांगत. अनिशच्या त्या बिचाऱ्या बायकोचं या निरोपांनी डोकं उठलं होतं.

फेब्रुवारीत तिने असाच एक निरोप आणला. बाबा म्हणतात, हंड्याला करंट येतो. वॉशिंग मशीन शेजारीच आहे, रविवारी तू तिथे कपडे लावतेस, त्याला सांग. अनिश हसला. मी दर रविवारी त्या हंड्याला हात लावतो, मला कसा येत नाही? पायात साइटवरचे रबरी बूट असतात, हातात जाड हातमोजे असतात, हे त्याच्या डोक्यातही आलं नाही. बिअर नको असेल तर सरळ सांगा म्हणावं, भुताखेताच्या गोष्टी नकोत.

त्याच आठवड्यातल्या रविवारी ब्रेकर बंद सापडला. त्याने ब्रेकरच्या पॅनलला कुलूप घातलं, कंट्रोल बॉक्सलाही घातलं. तरी पुढच्या रविवारी ब्रेकर पडलेलाच. म्हाताऱ्याने किल्ली बनवली असणार, त्याने ठरवून टाकलं. आणि मग त्याने शनिवारचं विंडसरचं तिकीट काढलं, एकट्या बाबांचं, फक्त जाण्याचं. विंडसरला बहीण होती, आनंदीताई. तिच्या घरी तिचे सासू-सासरे. लेकीच्या सासरी पडून राहणं बाबांच्या जिवावर येईल हे अनिशला पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच काढलं.

वर बाबा टेबलाशी बसले होते, उजवा हात डाव्या हाताने चोळत. अनिशने व्हिडिओ अजून पाहिला नव्हता. तो चालू असताना त्याला बाबांचं तोंड बघायचं होतं. त्याने फोन लोणच्याच्या बरणीला टेकवून उभा केला आणि बायकोला बोलावलं.

"ईशिता, यांना सांग, नीट बघा म्हणावं. आणि शनिवारी विंडसरला जायचंय. बॅग भरायला लागा."

त्याने व्हिडिओ चालू केला. फोनच्या स्क्रीनवर बाबा जिना उतरून आले. पॅनलचं कुलूप त्यांनी ओढून पाहिलं आणि सोडून दिलं. किल्ली-बिल्ली काही नव्हतीच. मग ते हंड्यासमोर गेले. पायातल्या स्लीपर काढून बाजूला ठेवल्या आणि अनवाणी ओलसर काँक्रीटवर उभे राहिले. उजव्या हाताची मागची बाजू पुढे केली. जुने वायरमन तसंच करतात, तळवा लावला तर मूठ आवळते आणि सुटत नाही. त्यांनी डोळे मिटले आणि हात हंड्याला टेकवला.

त्यांच्या सगळ्या अंगाला हिसका बसला. लाल दिवा विझला.

अनिशला आता आठवलं. जानेवारीत ब्रेकर सारखा पडत होता, तेव्हा त्याने हंड्याची अर्थिंगची वायर काढून पाहिली होती. ब्रेकर पडायचा थांबला. फॉल्ट मिटला असं समजून त्याने ती वायर परत लावलीच नाही. म्हणजे तेव्हापासून कॉइल तापली की हंड्यात करंट उतरत होता आणि कुणाचा तरी हात लागेपर्यंत ब्रेकरला त्याचा पत्ता लागणार नव्हता. कुलूप घातल्यापासून चार रविवार हा माणूस हात लावत होता. अनिशला लाज वाटली, आणि लाजेहून जास्त संताप आला.

"कशाला?" त्याने थेट बाबांना विचारलं. ऑक्टोबरनंतर पहिल्यांदाच. "कशाला लावलात हात?"

बाबा हात चोळत राहिले. व्हिडिओ अजून चालूच होता. स्क्रीनवर ते जिन्याचा कठडा धरून उभे होते. दम जरा खाली बसल्यावर त्यांनी वर तोंड करून हाक मारली.

"ईशिता, ये गं आता खाली. लाव तुझे कपडे मशीनला."