तारामतीजींचा प्रश्न

झाकण पडलं. स्टीलचं. फरशीवर गोल फिरत टेबलाखाली गेलं आणि तिथेही थोडा वेळ थरथरत वाजत राहिलं.

रक्त काढायच्या खोलीत क्षणभरापूर्वी अगदी शांत होतं. आजीच्या मांडीवरचा पोरगा हात पुढे करून बसला होता. आवाजाने तो दचकला, हात ओढून घेतला आणि त्याने भोकाड पसरलं.

"सॉरी आई," कोपऱ्यातल्या स्टुलावरून तनया म्हणाली. तिच्या मांडीवर उघडा डबा होता. "मी फक्त बघत होते, शंकरपाळी फुटली नाहीत ना."

ज्ञानदाने सुई बाजूला धरली. जयपूरच्या या हॉस्पिटलातलं तिचं हे शेवटचं सॅम्पल. अभिषेकची, तिच्या नवऱ्याची, बँकेतली बदली गुवाहाटीला झाली होती, सामान पुढे गेलं होतं, संध्याकाळची गाडी होती. तिने मनाशी ठरवलं होतं: सॅम्पल घ्यायचं, सीनियर तारामतीजींचा डबा परत करायचा, नमस्कार करायचा आणि रडू यायच्या आत बाहेर पडायचं. डबा रिकामा देऊ नये, म्हणून सकाळी शेजारणीच्या गॅसवर शंकरपाळी तळली होती. स्वतःचा गॅस सामानात गेलेला.

सवयीने तिने मागे पाहिलं. तारामतीजी खिडकीपाशी ट्यूबांवर नावं चिकटवत होत्या. मूल असं बिथरलं की पुढे त्याच यायच्या. ‘दुखणार नाही’ असं त्या कुठल्याच मुलाला म्हणायच्या नाहीत. नावही विचारायच्या नाहीत. नाव पाठ असतं, ते सांगताना नजर सुईवरच राहते. त्या विचारायच्या, "ऊँट तुम्हारे घर रहने आ गया, तो सुलाओगे कहाँ?" मूल विचारात पडायचं. गच्चीवर? मग तो जिना कसा चढेल? तोवर कापसाचा बोळा ठेवून हात दुमडलेलासुद्धा असायचा. दोऱ्याएवढी शीर असली तरी त्या एकदाच टोचायच्या. ज्ञानदाला इतक्या वर्षांनीही ते बघत राहावंसं वाटायचं.

"तारामतीजी, आप..."

"मैं क्यों? गुवाहाटी में भी मुझे ही बुलाएगी?" त्यांनी मान वर केली नाही.

काउंटरवरून विनय म्हणाला, "मैडम, टिकट करा दूँ इनका? वैसे वजन देखकर लगेज में जाएँगी."

"तू चुप कर. अगला खून तेरा निकालूँगी. बिना सवाल पूछे."

ज्ञानदा पोरासमोर वाकली. काय विचारावं? उंट तर तारामतीजींचा. खिडकीबाहेर विजेच्या तारेवर एक फाटका पतंग लटकत होता.

"अच्छा सुनो. तुम्हारी पतंग चाँद में अटक गई. उतारोगे कैसे?"

पोराने नाक वर ओढलं. "सीढ़ी से."

"सीढ़ी छोटी पड़ गई."

तो छताकडे बघायला लागला. भुवया जवळ आल्या. "हवाई जहाज..." मग स्वतःच मान हलवली. "नहीं. फट जाएगी."

आजीसुद्धा छताकडे बघत होती. "हो गया क्या?" शेवटी तिनेच विचारलं. ट्यूब भरली होती.

ज्ञानदाने वळून पाहिलं. तारामतीजी तिच्याकडे पाठ करून उभ्या होत्या. ज्ञानदा लहान मुलाला टोचत असताना त्यांची पाठ तिला आजवर कधी दिसली नव्हती.

तिने हात धुतले. झाकण पुसून लावलं आणि डबा पुढे केला.

"तारामतीजी, आपका..." विनयने खिशातला रुमाल काढून काउंटरवर ठेवला.

तारामतीजींनी डबा घेतला. "एक बात बता, ज्ञानदा. तेरे नए घर में सुबह की धूप पहले किस कमरे में आएगी?"

"धूप?"

घर तिने पाहिलं नव्हतं. अभिषेकने फोनवर दाखवलं होतं तेवढंच. सकाळच होती तेव्हा. ओट्यावर ऊन होतं का? की ती ट्यूबलाइट होती?

"किचन में, शायद."

"शायद से चाय नहीं बनती. सोच ठीक से." तारामतीजींचे हात काहीतरी करत होते. खण उघडला, बंद झाला. मग एक हात ज्ञानदाच्या पाठीवर आला.

फोनमधल्या त्या घराच्या खिडकीतून सुपारीचं झाड दिसत होतं. त्याची सावली आत पडली होती, म्हणजे ऊन त्याच्या मागून... मग गॅलरी कुठल्या बाजूला? चालता चालता कॉरिडॉर मागे गेला, पायऱ्या गेल्या. "नहीं, तनया के कमरे में," ती म्हणाली. "पहले वहीं आएगी."

"देख लेना," कोणीतरी म्हणालं.

ऑटो हलला तेव्हा तिला कळलं, आपण ऑटोत बसलोय. तनया शेजारी, पिशवी मांडीवर, डोळे कोरडे. तिने बाहेर डोकावून पाहिलं. पायरीवर विनय हात हलवत उभा होता. तारामतीजी नव्हत्या. आतून एका लहानग्याचं रडणं आलं आणि मग एकदम थांबलं.

खड्ड्यात चाक गेलं तसं पिशवीत काहीतरी वाजलं. तनयाने हात घालून बाहेर काढलं. तोच डबा. झाकणावर कोरलेली अक्षरं तिने बोट फिरवत वाचली, "ता-रा-म-ती." आत शंकरपाळ्यांच्या जागी काठोकाठ खारी, खुसखुशीत मठरी होती.

"आई, हा तर आपण देऊन टाकला ना? मतलब, आता परत भरून द्यायला लागेल." तिने एक मठरी तोंडात टाकली. "कधी यायचं द्यायला?"

ज्ञानदा ऑटोच्या छताकडे बघायला लागली.