परतीची वाट नसलेले पाणी

त्या खाऱ्या सरोवरातून पाण्याला बाहेर जाण्यास वाट नव्हती. भोवतालच्या भूमीखालचे गोडे पाणी अखंड त्याच्याकडे पाझरत येई. पुढे ऊन ते पाणी उचलून नेई आणि मागे केवळ मीठ उरे.

पाण्याची पातळी मोजणारे गृहस्थ त्या सकाळी नेहमीप्रमाणे सरोवराजवळच्या आपल्या घरच्या विहिरीत फीत सोडत होते. पत्नी शेजारी वही धरून वाकली होती.

“अहो, पाण्यात तुम्ही एकटेच दिसताय,” ती हसली. “मला वगळलंत वाटतं?”

त्यांनी निरखून पाहिले. निश्चल पाण्यात त्यांचा चेहरा होता. शेजारी अधांतरी वही होती. ती धरणारे कोणीही नव्हते.

“ऊन तिरपं आहे,” ते कसेबसे म्हणाले.

“मग सरोवराचं माप घ्यायला मीही येते. तिथं तरी दिसते का, बघू.”

सरोवर आटत चालले होते. काठावर मिठाचा थर पायांखाली करकरत होता. ती चपला काढण्यासाठी मागे थांबली आणि ते एकटेच पाण्याशी गेले.

उथळ पाण्यात तिचे प्रतिबिंब आधीच उभे होते. ते त्यांच्याकडे पाहत होते. ऊन चढत होते, आणि प्रतिबिंब कडांपासून पांढरे पडू लागले होते.

त्याला घरी परत न्यावे म्हणून त्यांनी घाईघाईने ओंजळ भरली. पाणी बोटांतून गळून गेले.

“अहो,” मागून तिचा कोरडा आवाज आला, “माझे ओठ इतके खारट का लागताहेत?”