उसना गोलकीपर

आमच्या अलाबामात बर्फ दिसायचा तो गार चहाच्या ग्लासात. तरी कॉलेजात आम्ही आइस हॉकीचा क्लब काढला. पहिल्याच अंतिम सामन्याला टेनेसीवाले गोलकीपरविना आले. सामना बुडू नये म्हणून अशा वेळी आपला एक उसना द्यायचा रिवाज होता. आमच्यात आम्ही दोघे गोलकीपर होतो. कप्तान वेंडेल मला म्हणाला, "जा रे पुस्तकी किड्या! आणि आमची गय करू नकोस हं."

मी एकही गोल होऊ दिला नाही. आम्ही हरलो.

काल क्लबच्या पन्नाशीच्या जेवणात वेंडेल नव्या पोरांना इतिहास सांगत होता, "पहिला चषक आपलाच होता रे! पण आपल्यातलाच एक फितूर निघाला." पोरांनी त्या फितुराची हुर्यो उडवली. क्षणभर मलाही ते खरं वाटलं.



शेजारच्या खेळाडूने कॉर्नब्रेड माझ्यापुढे सरकवत विचारलं, "सर, तुम्ही कुठल्या जागेवर खेळायचात?"